दाव्याचा खर्चा आन् रायभानभाऊची भगर

मी बेबीनंदा बद्रीनाथ शेंडगे, राहणार अंतरवाली, तालुका अंबड, चवथी पास. डोकं ठिकाणावर हाये, लिहायला कोणी जबरदस्ती केली न्हाई. सोमवारी जालन्याला बाळंतपणाचं आप्रेशन हाये. डाक्टरीणबाई म्हणल्या, भ्यायचं न्हाई. तवापासून लईच भ्या वाटून राह्यलं. म्हणून माझ्या मागं काय कोणाचं, ते लिहून ठेवते.

१. पिठाची गिरणी. आईनं दिलेल्या पैशातून गावातल्या रायभानभाऊच्या भागीदारीत घेतली, कागद माझ्या नावावर. त्यानं गिरणीची मोटार काढून सोताच्या विहिरीवर नेऊन बसवली. अंबडच्या कोर्टात मी जितले, मोटार माघारी आली. गिरणी आमच्या मालकानं, गिरिजाच्या बापानं चालवावी, कमाई लेकीच्या शाळेला लावावी. बाजरीच्या पाठोपाठ गहू दळू नये, बाया माझ्या नावानं बोंबलतील.

२. जांभळं पातळ नणंदेला, नंदाबाईला. माझ्या लग्नापासून तिचा डोळा हाये त्याच्यावर. तिला शोभत न्हाई, तरी द्यावं.

३. दाव्याचा खर्चा. जजसाहेबांनी निकालात लिहिलं का माझा कोर्टखर्चा बी रायभानभाऊनंच द्यायचा. तो अजून आला न्हाई. वकील आन् तारखांपायी माझ्या शेळ्या इकल्या. खर्चा वसूल झाला का गिरिजाच्या नावानं शेळ्याच घ्याव्या.

मालक मागायला गेल्ते. आपल्याकडं ज्याच्या घरी जेवलं त्याला त्या दिवशी पैसे मागत न्हाईत, हे रायभानभाऊला बराबर माहीत. दारात पाय ठेवला का, "या पाव्हणं, आधी ताट, मंग बात!"

माघारी आल्यावर मी इचारलं, "खर्चा?"

मालक म्हणले, "वांगं झकास झाल्तं."

मंग मी एकादशीला धाडलं, उपास असताना. तर तिकडं भगर आन् शेंगदाण्याची आमटी तयार! भगर खाऊन आले.

म्हणून वसुलीचा हक्क मालकाला देत न्हाई. माणूस मनानं बी भोळा आन् पोटानं बी भोळा. तो हक्क माझ्या सासूबाईला, झुंबरबाईला देते. ह्या आमच्या आत्याबाई दुसऱ्याच्या घरी पाणी बी पेत न्हाईत. माझ्या माहेरी आल्त्या तवा आईनं सांजा केल्ता, त्याला बोट लावलं न्हाई. आई रडली. तो राग माझ्या मनातून गेला न्हाई, जाणार बी न्हाई. पण रायभानभाऊच्या ओट्यावर अशीच बाई बसली पाहिजे. तरी त्यानं दिलं न्हाई तर अंबडला वकीलसाहेबांकडून कोर्टात वसुलीची दरखास्त टाकावी. मुदत बारा वर्षं हाये, पण आत्याबाईचं वय बघता जल्दी करावी.

४. एवढं लिहून घरात वाचून दाखवलं. मालक म्हणले, "पोटानं भोळा हे कशाला लिहिलं?"

आत्याबाई गिरिजाची येणी घालत व्हत्या. मंग म्हणल्या, "माझं नाव खोड, बेबे. मी एकटी न्हाई जाणार त्याच्या दारात. तू लेकरू घेऊन ये माघारी, मंग दोघी जाऊ. मी ओट्यावर बसते, तू बोल. मला त्या कोर्टातलं काई कळत न्हाई."

मी नाव खोडलं न्हाई. पण आत्याबाई म्हणल्या तसं झालं, तर हा कागद फाडावा. फाडायचा हक्क फक्त माझा.

सही: बेबीनंदा बद्रीनाथ शेंडगे

आमच्या डोळ्यासमोर सही केली:
रखमाजी काळे, शेजारी (अंगठा)
उषाबाई खरात, अंगणवाडीच्या बाई (सही)

अंतरवाली, शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८