ओसाड जमिनीच्या वाक्यापाशी

सर, आपण व्यासपीठावर उभी राहणारी माणसं, आणि आपल्या सगळ्यांची तक्रार एकच: मुद्दा रंगात आला की परीक्षकांची घंटा वाजते. तुम्ही तर त्या घंटेला शिव्याच द्यायचात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता तुमच्यासमोर कुणी घंटा घेऊन बसलेलं नसावं, म्हणून आज सावकाश सांगते.

मी कतारला, दोह्यात राहते, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत. फुटबॉलचा वर्ल्ड कप तीन वर्षांवर आला आहे आणि रस्ते रोज जागा बदलतात. काल जिथून वळलो तिथे आज पत्रे ठोकलेले. इथल्या मराठी मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत नववीतल्या माझ्या मुलीने विषय निवडला, जमीन आणि युद्धं यांतून अमेरिका कशी घडली. ऐकलं आणि मी तिला दुसरा विषय सुचवून पाहिला. का, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे, माहीत आहे असं तुम्हाला वाटतं.

सिन्नरचं तुमचं स्वयंपाकघर. मीही नववीत. काकू वाटाणे सोलताहेत, मी ओट्याला पाठ लावून उभी, आणि तुम्ही लिहिलेलं चार पानी भाषण घडाघडा म्हणते आहे. समुद्रकाठच्या तेरा वसाहती, इंग्रजांशी युद्ध, फ्रान्सकडून विकत घेतलेला अवाढव्य मुलूख, मेक्सिकोवरची स्वारी. हात कधी उचलायचा ते समासात लाल शाईने. आणि मधोमध ते वाक्य: ‘पश्चिमेला ओसाड, बिनमालकाची भूमी या तरुण राष्ट्राची वाट पाहत होती.’ इथे उजवा हात लांब. काकू दर वेळी म्हणायच्या, ‘हात आवर गं बाई, पिठाचा डबा पाडशील.’

नाशिकला स्पर्धेत मी हात लांब केला, ‘पश्चिमेला’ म्हणाले आणि थांबले. पुढे काही नाही. हात तसाच लांब. घंटा वाजली. परतीच्या एस.टी.त तुम्ही खिडकीशी, मी शेजारी रुमाल पिळत बोलणी खायची वाट पाहते आहे. घाट संपल्यावर तुम्ही म्हणालात, ‘नेमकी त्याच वाक्याला थांबलीस. मालक होते गं तिथे! जमातीच्या जमाती होत्या. त्यांना बंदुका दाखवून हाकललं, आणि मी शहाणा लिहितो बिनमालकाची. तुझ्या तोंडून ते जाईना, हो ना?’

मी मान डोलावली.

ते वाक्य तुम्ही लाल शाईने खोडलंत आणि ही गोष्ट पुढे प्रत्येक वर्गाला सांगितलीत. मला तुमचा अमेरिकेच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ दिलात, पहिल्या पानावर लिहून: ‘न पटलेलं वाक्य न बोलणारीला’. मी गाजले, सर. सभा गाजवल्या, भल्याभल्यांना तोंडावर सुनावलं. लोक निर्भीड म्हणाले की मला ते पान दिसायचं. तो ग्रंथ तीनदा वाचला, त्याच्यामागे आणखी कितीतरी वाचले, सगळे ती एक डोलावलेली मान खरी करण्यासाठी. तुमच्या शेवटच्या आजारात भेटायला आले तर तुम्ही सलाइन लावायला आलेल्या नर्सलाही तीच गोष्ट सांगितलीत. मी पुन्हा मान डोलावली.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी मुलीचा कुर्ता आणायला शहराच्या कडेच्या मुऐदरला गेलो. शिवणारे चाचा रत्नागिरीचे, त्यांचं दुकान पूर्वी दोह्याच्या मध्यात, मुशैरिबला होतं; ती जुनी वस्ती पाडली तेव्हा ते इकडे आले. मी सवयीने भाषण ठोकलं, ‘काय देखणं शहर उभं केलंय तिथे! पूर्वी काहीच नव्हतं.’ चाचांनी कात्री खाली ठेवली. ‘काहीच नव्हतं? मी होतो की! वीस वर्षं होतो!’ मुलगी खुदकन हसली. तुमची गोष्ट तिला पाठ आहे. ‘आई, यू आर डुइंग द ओसाड थिंग.’

स्पर्धेत तिने मीच लिहिलेली चार पानं छान सुरू केली. मेक्सिकोचं युद्ध झालं आणि ती थांबली. माझा उजवा हात मांडीवर ताठ झाला. ती माइकमध्ये म्हणाली, ‘सॉरी, मी विसरले.’ लोक हसले, तीही हसली. ‘पण सांगते. त्यांनी एवढी जमीन जिंकली ना, मग भांडण सुरू झालं, की या नव्या जमिनीवर गुलाम ठेवायचे का नाही. जेवढी जमीन वाढली तेवढं भांडण वाढलं. मिटलंच नाही. मग घरातच वॉर. खलास.’ बक्षीस मिळालं नाही. पण सर, माझ्या चार पानांत इतकं सरळ एकही वाक्य नव्हतं.

परतताना पत्र्यांच्या वळणावर गाडी अडकली. मी म्हणाले, ‘मीसुद्धा विसरलेच होते.’

‘कधी?’

‘नाशिकला. न पटणं वगैरे काही नव्हतं. मला ते वाक्य आवडायचं. हात लांब करायला मिळायचा.’

ती सीटवर माझ्याकडे वळून बसली. ‘मग सरांना सांगितलं का नाहीस?’

‘ते इतके खूश झाले होते.’

तिने समोरच्या क्रेनकडे पाहिलं. ‘पण आई, मालक तर होतेच ना तिथे? सर वॉज राइट.’

त्या ट्रॅफिकमध्ये मला काच खाली करून ओरडावंसं वाटलं, इतकं मोकळं वाटलं. मी खोटी होते म्हणून ती गोष्टही खोटी, असं इतकी वर्षं मी धरून चालले होते. पण ते वाक्य खोडलंत तुम्ही. आपण चुकीचं लिहिलं हे नववीतल्या पोरीपुढे भर एस.टी.त कबूल करायला छाती लागते, आणि ती तुमची होती. मी फक्त विसरले होते.

हे पत्र त्या ग्रंथातच ठेवीन, तुम्ही लिहिलेल्या पानापाशी. पण तुमच्यासमोर आताही एखादा वर्ग बसलेला असणार आणि तुम्ही ती गोष्ट सांगतच असणार. तर सर, एवढं करा: उद्या सांगाल तेव्हा माझं नाव गाळा आणि म्हणा, मुलगी विसरली होती; वाक्य मी खोडलं.