भाकर मोडायचा हक्क

१२ जुलै, रविवार
सोनपेठ. उपासनेला एकोणीस जण. संदेश दिला. घसा बसलेला, मनही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची बदली होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, मयत, सगळं माझ्याकडं. फक्त प्रभुभोजन नाही, म्हणजे भाकर मोडून द्राक्षरसाबरोबर वाटणं. त्याला पाळकाची दीक्षा लागते. परभणीचे पाळक येतील तेव्हाच. तीन महिन्यांतून एकदा, आले तर.
माझा दीक्षेचा अर्ज तिसऱ्यांदा परत. नकाराखाली मंडळीच्या पंचांच्या सह्या, पहिली शांतवनदादांची. "बाईमाणसानं भाकर मोडायची न्हाई," हे तर ते तोंडावरच म्हणाले होते. सेमिनरीतल्या धर्मशिक्षणाची तीन वर्षं... जाऊ दे.

१६ जुलै
शांतवनदादांना दवाखान्यातून घरी आणलं. घशाचा कॅन्सर, डॉक्टरांनी हात टेकले. घरात बायको मार्थाकाकू एकट्याच. चादर बदलायला गेले तर दादांनी भिंतीकडं तोंड केलं.

२१ जुलै
रोज जाते. आज त्यांची पाठ पुसून दिली. नुसती हाडं. राग यायला हवा होता, आला नाही. कंबर तेवढी दुखायलीय.

२४ जुलै
दादांना प्रभुभोजन हवंय. परभणीला फोन केला. "रविवारी नक्की येतो, बाई."

२६ जुलै, रविवार
पाळक आले नाहीत. गाडी बिघडली म्हणे. दुपारी दादांना तेच सांगायला गेले. त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मग घोगऱ्या आवाजात, "तूच दे."
"दादा, त्या कागदावर पहिली सही तुमची हाय."
"हाय. आता पेन धरवत न्हाई, न्हाईतर खोडली असती."
काकूंनी मनुका उकळून रस केला. पोळीचा नखाएवढा तुकडा त्यात भिजवला. विधीचे शब्द पाठ, तरी म्हणताना अडखळले. दादांना गिळायला लय वेळ लागला. माझा हात सोडला नाही.
चूक केली का? घरी येऊन तशीच पडले. जेवण नाही.

२८ जुलै
सकाळी दादा गेले. दुपारी पाळक आले. आज गाडी चालू होती. मातीचा विधी त्यांनी केला, मी मागं बायकांत. कबरीपाशी काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझा माणूस उपाशी गेला न्हाई. बाईनं प्रभुभोजन दिलं त्याला." पाळकांनी माझ्याकडं बघितलं. बायबल मिटलं.

३१ जुलै
परभणीहून पत्र. बुधवारी तिथं चर्चच्या समितीपुढं प्रभुभोजनाचा खुलासा करायचा. तोवर उपासना चालवायची नाही. वाचून आधी काय वाटलं? की या रविवारी संदेश लिहावा लागणार नाही. खरं तेच लिहिते.

२ ऑगस्ट, रविवार
बायकांच्या सतरंजीवर बसले. पुढची खुर्ची रिकामी. माणसं नेहमीपेक्षा जास्त, पण कोणी सुरू करेना. पंच एकमेकांकडं बघायलेत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी मार्थाकाकू वळून मलाच, "बाई, गीत कितवं?"
माहीत नाही, म्हणता आलं असतं.
"एकशे बारा," म्हणाले. बसूनच. पुस्तकाची पानं उलटली, सगळे उभे राहिले. मग मीही.
याला उपासना चालवणं म्हणायचं का, ते बुधवारी विचारतील. काय सांगायचं, अजून ठरलेलं नाही. परभणीची सकाळची आठची एसटी बघून ठेवलीय.