रिठ्याचं पाणी आणि पहिला श्वास

प्रिय आई,

आज दुपारी आमच्या अंबडच्या लॅबमध्ये एक गोष्ट घडली, आणि ती ऐकायला तू नाहीस. म्हणून हे पत्र. आम्ही बनवलेल्या औषधाचा पाण्यावरचा पातळ थर आज दाबल्यावर फाटला नाही. सोडला की पुन्हा पसरायचा, दाबला की सावरायचा. कितीतरी वेळ मी नुसती बघत बसले.

आठवतं, मी दिवसभर करते तरी काय, असं तू विचारलं होतंस? अंगणात पैठणी धुवायला रिठे भिजवून बसली होतीस. मी म्हटलं, फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात, आतून ओले. श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटू नयेत म्हणून शरीर आतून एक स्निग्ध अस्तर तयार करतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांत ते पुरेसं नसतं. मग गाईच्या नाहीतर डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं औषध नळीनं आत सोडतात.

"म्हणजे रिठाच की," तू म्हणालीस. "आणि गाईचं कशाला? आपलं आपल्याला बनवता येत नाही?"

तेच तर करतोय गं आम्ही! मी ऐटीत माझ्या फोनमधल्या व्हिडिओत आमच्या बाटलीतला फेस दाखवला. तू चष्मा लावून पाहिलास.

"फेसाचं काय घेऊन बसलीस? पाणी मऊ झालं का ते बघ."

खरंच, तू रिठे कधी घुसळले नाहीस. कोमट पाण्यात हळूच चोळायचीस. दुसऱ्या दिवसापासून मी बाटली हलवणं सोडलं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, महिनाभर मी हेच सांगतेय, शेवटी आईचंच ऐकलंस!

पण त्या दिवशी तू आणखी एक विचारलंस. माझ्या आधी झालेल्या तुझ्या बाळाबद्दल. सातव्या महिन्यात तू येवल्याहून एसटीनं नाशिकला आलीस आणि दोन दिवसांत तो जन्मला. दीड दिवस धापा टाकत राहिला. बारशाआधीच गेला, म्हणून त्याला नावही नाही. प्रवासाचं खापर सगळ्यांनी तुझ्यावर फोडलं, हे मला मावशीकडून कळलं होतं.

पैठणीचा पदर पाण्यात तसाच धरून तू म्हणालीस, "एसटीच्या धक्क्यांनी त्याचं ते अस्तर सांडलं असेल का गं?"

आणि मी हसले. आई, मी हसले! मग आठवडे, पेशी, असलं काहीबाही समजावत बसले. तू "बरं" म्हणालीस आणि पदर धुवायला लागलीस.

किती वर्षं होता तो प्रश्न तुझ्याजवळ? माझ्या बडबडीतून उत्तर पोहोचलं का, की तो तसाच घेऊन गेलीस? मनातल्या मनात तू त्याला काय हाक मारायचीस, हेही मी कधी विचारलं नाही.

आजचा थर एखाद्या बाळापर्यंत पोहोचायला खूप चाचण्या बाकी आहेत. कदाचित नापासही होईल. पण पोहोचलाच, तर आईवडिलांच्या हातात द्यायचं मराठी पत्रक मी लिहीन, कबूल. औषध कशाचं, कसं देतात, हे सगळं नंतर. वर सगळ्यात आधी लिहीन: काही सांडलं नाही. तयार व्हायला वेळच मिळाला नाही. आई, तुमची चूक नव्हती.

तुझी,
वैशू