ताटाच्या काठावरची नळी

आई,

तुझ्या काळ्या तिखटाचा रस्सा मी आता मटणाशिवाय करते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. आबांना झटका आल्यावर डॉक्टरांनी मटण बंद केलं, तेल चमच्यावर आणलं आणि मीठ नावापुरतं ठेवलं. तेव्हापासून ते माझ्याकडे, सोलापुरातच आहेत. लेकीच्या घरी मुक्काम नको म्हणून शेवटच्या एसटीनं उभ्यानं परत जाणारा माणूस आता माझ्या पुढच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. दुधी, पालक, मुगाचं वरण, सगळ्याला मान फिरवतात. सदरा अंगावर नुसता लोंबतो. उपाशी पोटी गोळ्या चालत नाहीत, आणि मटण दिलं तर काय होईल ते मला स्पष्ट सांगितलंय. म्हणजे न खाऊनही जाणार आणि खाऊनही, अशी माझी कोंडी झाली होती.

म्हणून सोयाबीनच्या वड्या आणल्या. उकळून, दोनदा घट्ट पिळून घेतल्या, नाहीतर त्यांचा उग्र वास राहतो. कांदा कोरड्या कढईत काळा होईस्तोवर भाजला, खोबरं बेतानं घातलं, आलं-लसूण मात्र सढळ हातानं. वर तवंग आला नाही, पण वास थेट तुझ्या चुलीचा. त्या वासानं आबांनी कूस बदलली. भाकरी चुरली, चार घास खाल्ले आणि मग बोटं रश्शात फिरवत राहिले.

"हाड कुटाय?" म्हणाले, आणि ताट सरकवलं.

हाड म्हटल्यावर मला तुझा फटका आठवला. जत्रेचा दिवस आहे. आबा मेंढरं कोंडून जेवायला बसलेत आणि तू सगळ्यांच्या मागनं जेवणार आहेस. मगजानं भरलेली नळी आबा स्वतः चोखत नाहीत. ताटाच्या काठावर ठेवून उठतात, आणि त्याच ताटावर तू बसतेस. मी नळीला हात घालते, तशी तू पळी हाणतेस. "समदं खा, पर ती न्हाय. ती माजी हाय." स्वतःच्या वाटचं सगळं आम्हाला वाढणारी बाई एका हाडासाठी पोटच्या पोरीला मारते, याचा मला फार राग आला होता. तुम्हा दोघांना धड चार शब्द बोलताना मी कधी ऐकलं नाही. आता वाटतं, जे काय बोलायचं ते त्या नळीतच असायचं.

काल रश्शात शेवग्याच्या शेंगा सोडल्या. आबांनी एक तुकडा उचलला, चोखला, चोथा बाजूला टाकला. मग दुसरा. अख्खी भाकरी संपली. मी आत जाऊन ओट्याला टेकून रडले. बाहेर आले तर ताटाच्या काठावर सगळ्यात जाड शेंग ठेवलेली, आणि ते खरकट्या हातानं तसेच बसलेले. तू गेल्याचं त्यांना हल्ली कधी आठवतं, कधी नाही.

"ये की, निवतंय," म्हणाले. माझ्याकडंच बघून.

आबा, ती नाही, मी आहे, असं सांगायला हवं होतं. मी त्या ताटावर बसले, तुझ्यासारखाच एक गुडघा वर घेऊन, आणि शेंग चोखली.

"भरल्याली हाय न्हवं?"

"व्हय. लई भरल्याली हाय."

मग त्यांनी हात धुतले, गोळ्या घेतल्या आणि माझ्याकडं तोंड करून झोपले. किती दिवस असं चालेल, मला माहीत नाही. त्यांच्या पायांवरची सूज वाढतेच आहे.

हे लिहून मी कुठं धाडणार? पण तुला सांगायला हवं होतं, तुझी नळी मी खाल्ली. आबांनी मला जन्मात कधी जेवायला हाक मारली नव्हती. काल मारली ती तुला होती. आज मी पुन्हा शेंगा आणल्यात.