बाकावर एकटा

सांगली, ४ ऑगस्ट

चि. प्रबोध यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

फोन केला की हे तुझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून हा मेल. मी दर वेळी यांची तब्येत विचारते आणि तू तुझ्या त्या बेसबॉलचं पुराण लावतोस. मी काय तापखोकला विचारते का रे? बाटलीबद्दल विचारते, एवढं कळायला इंजिनियर कशाला व्हायला हवं! फेब्रुवारीत यांनी सोडली, तुझ्या शब्दावर तुमच्या सिंगापूरच्या कंपनीत लागले. पुन्हा हात लावला तर नोकरी जाईल, तिथे राहायचा पास जाईल. ऋताला घेऊन डिसेंबरात तिकडे यायचं, पुन्हा तिघांनी एका घरात राहायचं, ते सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. तेव्हा सरळ सांग.

तुझीच,
वसुताई

सेंगकांग, ६ ऑगस्ट

ती. ताईस प्रबोधचा साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस, पण पुराण ऐकावंच लागेल. बेसबॉलमध्ये एखाद्या गोलंदाजाने नऊ डावांत सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पाय ठेवू दिला नाही, तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. वर्षानुवर्षं घडत नाही. आणि तो घडत असताना त्याचं नाव काढायचं नाही, असा दंडक आहे. ओहायोत शिकताना मी अगदी वरच्या रांगेत बसून एक बघत होतो. आठव्या डावात शेजारचा माणूस आनंदाने ते बोलून गेला आणि पुढच्याच चेंडूवर फटका बसून फलंदाज बेसवर पोचला. त्याचा आणि याचा संबंध नाही हे मला कळतं. तरी त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुला हसायचा हक्क नाही. ऋता तान्ही असताना कोणी गुटगुटीत म्हटलं की तू लगेच मीठमोहऱ्या ओवाळायचीस. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, आणि दाजींनाही काही विचारत नाही. खालच्या कॉफीशॉपमध्ये बिअरची टेबलं असतात, म्हणून येताजाता त्यांना मागच्या लिफ्टकडून नेतो, तेही गप्पा मारत. समजून घे आणि लोभ वाढव.

तुझा,
प्रबोध

सांगली, ९ ऑगस्ट

चि. प्रबोध यास आशीर्वाद.

बरं बाबा, गप्प बसते. सासूबाईंना आणि ऋतालाही बजावलंय, फोनवर पाऊसपाणी आणि शाळा एवढंच बोलायचं. काल हे दोनदा म्हणाले की आणखी काय विशेष, आणि आम्ही दोन्ही वेळा भाजीचे भाव सांगितले. इथे बसून मला दुसरं काहीच करता येत नाही रे. रात्री जेवतात ना पोटभर, एवढं तरी कळव. तेवढ्याने काही दृष्ट लागत नाही.

ताई

सेंगकांग, २५ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

कसं लिहू कळत नाही, म्हणून झालं तसं लिहितो. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची सकाळ. सामना लावला होता, दाजीही येऊन बसले. सातवा डाव संपला तरी एकही फलंदाज बेसवर पोचला नव्हता. माझ्या हातातली कॉफी तशीच गार झाली.

तेवढ्यात कॅमेऱ्याने तो गोलंदाज दाखवला. बाकाच्या टोकाला एकटाच, बाकी सगळे पार दुसऱ्या टोकाला. दाजींनी विचारलं, याचं काही भांडण झालंय का. मी मोठ्या हौसेने सांगितलं की नाही, सगळे त्याला जपताहेत, अशा वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही.  दाजी म्हणाले की घरी आपल्याशीही असंच चाललंय, आणि त्या बाकावर फार वाईट वाटतं.

सव्वीस बाद झाले, शेवटचा एकच बळी उरला होता. फलंदाजाने कसाबसा टोलवलेला चेंडू दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधे पडला, तो बेसवर पोचला आणि परफेक्ट गेम हुकला. मी डोक्याला हात लावला. पण तिकडे सगळे धावत त्या गोलंदाजाजवळ गेले, कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी काही बोललं. पुढचा फलंदाज त्याने बाद केला, सामनाही जिंकला. दाजी रडत होते. म्हणाले, यांना आत्ता सुचलं का जवळ यायला.

ताई, त्यांची न पिण्याची शपथ जूनमध्येच मोडली होती. तेव्हापासून दर शनिवारी बाजारात जातो म्हणून जातात आणि पार्कात बसून पितात. कोणी विचारत नव्हतं म्हणून खोटं बोलावं लागलं नाही, आणि कोणी विचारत नव्हतं म्हणून सांगताही आलं नाही, असं म्हणाले. मी मात्र मागच्या लिफ्टने नेत होतो! आता बाहेर सोडायची भीती वाटते आणि कोंडून तर ठेवता येत नाही. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसतो, पण पुढे काय? तूच सांग.

प्रबोध

सांगली, २६ ऑगस्ट

अहो,

नमस्कार. प्रबोधने सगळं लिहिलंय. मी कालपासून जेवलेले नाही आणि तुमचा फोनही मुद्दामच घेतला नाही, कारण ओरडले असते. राग गेलेला नाही, तो एवढ्यात जाणारही नाही. डिसेंबरचं मला आज काही सांगता येत नाही.

मी तिथे असते तरी तुमचा हात धरू शकले असते असं नाही. इथे अकरा वर्षं मी शेजारीच होते, तेव्हा कुठे धरता आला. पण तुम्हाला भाजीचे भाव सांगायचे नव्हते हो मला. यापुढे रोज संध्याकाळी मी विचारणार आहे, आजही विचारते. आज प्यायलात का? हो असेल तर हो लिहा. मी चिडेन, रडेन, पण उद्या पुन्हा विचारेन.

लोभ आहेच, तो असावा म्हणून वेगळं लिहीत नाही. उत्तर मात्र यावं.

वसुधा