आग्रहाविना

श्टुटगार्ट, रविवार

सौ. सुनंदास,

तब्येत ठीक. मशीनच्या कोर्सातली पोरं माझ्या निम्म्या वयाची. मी वाळूजच्या कारखान्यात स्वतःच शिकलो, तरी वर्गात माझंच माप अचूक येतं.

गेल्या महिन्यात पोरांनी विचारलं, "उद्या डोंगरात फिरायला येता?" मी म्हटलं, "नको, अभ्यास आहे." आपल्याकडं पहिल्यांदा नकोच म्हणतात, मग आग्रह होतो. सकाळी डबा भरून, बूट घालून बसलो. हसू नकोस. पोरं कधीच निघून गेली होती.

आता पहिल्याच हाकेला हो म्हणेन. पण कुणी विचारतच नाही. त्यांना वाटतं, मला अभ्यासच आवडतो.

अण्णांचा गुडघा कसाय? त्यांना सांग, मला इथं लई दोस्त झालेत.

तुझाच,
दिगंबर