मातोश्रींचं स्वतंत्र कुटुंब

प्रेम नगर, झाशी
८ मार्च १९८१

तीर्थस्वरूप विद्याधरभावजी यांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे कमलिनीचा, शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, पैकी एक जण जरुरीपेक्षा जास्त. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? पुण्याच्या हवेला दोष देऊ नका. सांख्यिकी खात्यात खुर्चीवर बसून देशाची माणसं मोजली की गुडघे धरायचेच. (इथे दारोदार हिंडून मोजणाऱ्याचे गुडघे ठणठणीत आहेत. मी चौकशी केली.)

पत्र लिहायला कारण तुमचंच मागलं पत्र. खानेसुमारीवाला आला की (तुम्ही जनगणना म्हणता, आमच्याकडे आजेसासऱ्यांपासून खानेसुमारीच) खरं तेच सांगा, आकडे म्हणजे समाजाचा आरसा, त्यावरूनच शाळा, दवाखाने आणि पाण्याचे नळ ठरतात, असं तुम्ही पानंच्या पानं भरून लिहिलंत. तुमच्या बंधुराजांनी ते जेवणानंतर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. आपल्या नळाला पाणी येत नाही ते मागल्या वेळी कुणीतरी खोटं बोललं म्हणून, असं इंदूचं त्यावरून मत झालं. तेव्हा यंदा घरात कुणी खोटं बोलायचं नाही असं ठरलं. भावजी, यापुढे असा उपदेश एखाद्या घरी धाडताना त्या घरात तुमच्या मातोश्री राहतात की काय, ते आधी पाहत जा.

मोजायला आले ते जयसिंग मास्तर. लक्ष्मी गेटजवळच्या शाळेत गणित शिकवतात, सरकारने त्यांना या कामाला जुंपलेलं. माणूस इतका सरळ की चपला जिन्याखालीच काढून आला. तुमचे बंधुराज घरातल्या घरात कोट चढवून कुटुंबप्रमुखाच्या जागी बसले होते. मातृभाषा मराठी, असं आम्ही सगळ्यांनी मास्तरांना शुद्ध हिंदीत सांगितलं. इंदूने तर सांगून झाल्यावर मला हळूच विचारलं, "आई, मातृभाषा को मराठी में क्या बोलते हैं?" मग माझं काम काय, असा प्रश्न आला. मी उठल्यापासून सांगायला घेतलं. मास्तरांनी सगळं अदबीने ऐकून घेतलं आणि मी काही काम करत नाही असं लिहिलं. "बहनजी, घर का काम इसमें काम नहीं गिना जाता." मी म्हटलं, मग हा चाय किसने बनाया? त्यांनी कप खाली ठेवला. थोड्या वेळाने परत उचलला. (हा नियम ज्याने केला त्याला घरी जेवण वेळेवर आणि गरम मिळत असणार. ओळखीचा असेल तर त्याच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.)

आता अनर्थ. सगळ्यांचा स्वयंपाक एकाच चुलीवर होतो ना, हे मास्तरांनी उपचारापुरतं विचारलं. लेखणी 'हो'वर टेकलीच होती, तेवढ्यात आतून मातोश्रींचा आवाज आला. "नहीं भैया. हमाओ चूल्हो अलग है."

तुम्हाला ठाऊकच आहे. इंदूच्या टायफॉईडनंतर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी एक अंडं उकडलं, त्या दिवशी सासूबाईंनी आपली शेगडी मागल्या ओसरीत हलवली. तेव्हापासून त्यांचा वरणभात तिथे सोवळ्यात होतो आणि त्या आमच्या पानातलं शीतही खात नाहीत. (आमच्या पातेल्यांवर देखरेख मात्र त्यांचीच. मीठ किती पडलं ते त्या ओसरीतून वासाने सांगतात.) याला वेगळं राहणं म्हणतात हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. सरकारचं तसं नाही. सरकारची एक चूल म्हणजे एक कुटुंब. मास्तरांनी आमचा कागद मिटला आणि दुसरा कोरा काढला. कुटुंबाच्या मुखिया, राधाबाई. सदस्य, राधाबाई.

सासूबाई डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आल्या आणि परक्या पुरुषासमोर खुर्चीवर बसल्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. त्यांना जन्मात कुणी काही विचारलेलं नाही, भावजी. लग्नात नाव विचारलं, तेही बदलण्यासाठी. आता सरकारचा माणूस एकेक प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत होता, आणि त्या विचार करून उत्तरं देत होत्या. वय त्यांनी असं सांगितलं की त्या हिशेबाने तुम्ही त्यांच्या सातव्या वर्षी झालात. हा तुमचा आरसा.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन राज्यं सुरू झाली. जिरं संपलं की मातोश्री वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि शेजारधर्म म्हणून मागायच्या. दूधवाल्याला त्यांनी स्वतःच सांगितलं, हमाओ परिवार अलग है. त्याने ते सगळ्या प्रेम नगरला दुधाबरोबर घातलं. समोरच्या सरलाभाभी गळा काढून विचारायला आल्या, "हाय राम, माँजी को न्यारा कर दिया?" समथरहून मामेसासऱ्यांचं कार्ड आलं, झाशीच्या मराठ्यांत आईला वेगळं काढायची चाल कधीपासून? तुमच्या बंधुराजांना कचेरीत तोंड दाखवता येईना. ते चहाच्या सुट्टीत हिंदीतून सोवळं समजावून सांगत. ते ऐकून ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटत गेली. गणपतीच्या देवळातही ते मागल्या दाराने जाऊ लागले. आई जित्या मुलाच्या घरात परकी नोंदली गेली, हे मला मरेपर्यंत पुरेल, असं म्हणून त्यांनी पोळी अर्धी टाकली. (तूप लावलेली. तेव्हा मला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.)

मार्च लागताच मास्तर फेरतपासणीला येणार होते. त्याआधी दोन्ही कुटुंबं एक व्हायला हवीत, नाहीतर तो डाग तसाच दिल्लीला जाणार. बंधुराजांनी आईचे पाय धरले. त्या म्हणाल्या, मी लसणाच्या घरात जेवणार नाही आणि सरकारशी खोटं बोलणार नाही, विद्याधरने लिहिलंय. मास्तर आल्यावर यांनी त्यांचीही मनधरणी केली. "बाबूजी, अम्माजी झूठ बोल दें, तो मैं लिख दूँ," मास्तर म्हणाले. अम्माजी खोटं बोलेनात. बंधुराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र मातोश्रींना पाहवेना. जरा वेळ पदराशी चाळा करून त्या म्हणाल्या, "एवढंच आहे, तर तुम्ही सगळे माझ्याकडे जेवा."

कुणाला दुसरं काही सुचायच्या आत मी आत जाऊन गॅस बंद केला.

ओसरीत पाट मांडले. सरकारी खात्री म्हणून मास्तरही बसले. मेतकूट-भात, आमटी आणि भोपळ्याचं भरीत झाल्यावर त्यांनी हात धुऊन नवा कागद लिहिला. कुटुंब एक. मुखिया कौन? तुमच्या बंधुराजांनी कोट सारखा केला. मास्तरांनी पळी कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. "जीको चूल्हो, ओई मुखिया," मातोश्री म्हणाल्या. अब्रू वाचली, गादी गेली. तुमचा भाऊ सरकारदप्तरी आता नुसता पुत्र आहे. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण तेवढ्यात भरीत पुन्हा वाढायला आलं.

तेव्हापासून मी गॅस पेटवलेला नाही. कांदा-लसूण बंद आहे, त्याचं यांना दुःख आहे, मला नाही. यांना शेगडीला वारा घालायला बसवलं आहे, इंदू चटणी वाटते, आणि मातोश्री हुकूम सोडत दहा वर्षांनी लहान दिसतात. (खानेसुमारीत सांगितलेलं वय हळूहळू खरं होत आहे.) मी सकाळच्या उन्हात वर्तमानपत्र वाचते. आपल्या अंगणात सकाळचं ऊन येतं हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या खात्याला मी पूर्वी हसत होते ते परत घेते. सरकारने नुसतं विचारलं आणि घर हललं. उत्तरांचं तुम्ही पुण्यात काय करायचं ते करा.

मोठ्या जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो मोजायला कुणाला पाठवू नका.

तुमची,
कमलिनी
(काम : काही नाही)

ता. क. काल मातोश्री सरलाभाभींना सांगत होत्या की गणती झाली, आता पाडव्यापासून ज्याची चूल त्याला. म्हणून ही खरी विनंती. तुमच्या खात्याच्या कागदावर दोन ओळी लिहून पाठवा की खानेसुमारी दहा वर्षांची असते, आणि एकदा नोंदलेली चूल पुढल्या खानेसुमारीपर्यंत बदलता येत नाही. हे खोटं आहे हे मला कळतं. खाली जांभळा गोल शिक्का हवा. त्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही.

ता. क. दुसरा. मी डिंक आणायला गेले तेवढ्यात मातोश्रींनी हे पत्र वाचलं. (विचारायची सोय नाही, मुखिया आहेत.) रागावल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "विद्याधरला लिही, शिक्का चुलीपायी वाया घालवू नकोस. पुढल्या खानेसुमारीला राधाबाई हजर राहतील, एवढं लिही म्हणावं आणि शिक्का त्याच्यावर मार. चुलीचं मग मी बघते."